अंगठा, सही आणि पुन्हा अंगठा

वाई तालुक्यातील एका गावातून ७४ वर्षांच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचे सहा पानी पत्र आले आहे. जागेअभावी त्यातला आवश्यक तेवढाच भाग येथे देत आहे.

“जिल्हा परिषदेच्या शाळांत मी ३६ वर्षे नोकरी केली. माझी आई १९५९ च्या ग्रामशिक्षण मोहिमेत रात्रीच्या वर्गाला जाऊन सही करायला शिकली. तेव्हा मी दुसरीत होतो आणि तिची पाटी पुसून द्यायचे काम माझ्याकडे होते. पुढे मी मास्तर झालो, तेव्हा गावातल्या बायाबापड्या मनिऑर्डरीचा कागद आणि मुंबईहून आलेली पत्रे वाचून घ्यायला माझ्याकडे येत. आज मीच चुलतभावाच्या नातवाच्या दारात उभा असतो. गॅसचा नंबर लावणे, एस.टी.चे आरक्षण, खात्यातली शिल्लक, सगळे तोच पाहतो आणि माझा पिनही त्याला पाठ आहे. ‘आजोबा, किती वेळा सांगितलं, ते बटण नाही’ असे तो चारचौघांत म्हणतो. बँकेत जावे तर ‘काका, ॲपवर करा’ असे उत्तर मिळते. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर पाच वेळा अंगठा ठेवला, पण यंत्राला काही मी पटलो नाही. तीन आठवड्यांपूर्वी तर कहर झाला. आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, असा इंग्रजी संदेश आला. दिलेल्या क्रमांकावर फोन केला. पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलला, त्याने एक ॲप घ्यायला लावले, दहा रुपये भरायला सांगितले, आणि पाच मिनिटांत दोन हप्त्यांत १८,४०० रुपये गेले. हे मी अजून कोणालाही, सौभाग्यवतीलाही, सांगितलेले नाही. मुलगा बंगळुरूला संगणकाच्याच नोकरीत आहे. फोन आणि सगळे व्यवहार त्याच्या हवाली करून मोकळे व्हावे का? झालेली गोष्ट त्याला सांगावी की पोटातच ठेवावी? आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवणारा मी म्हातारपणी अडाणी ठरलो, हे मनातून जात नाही. ता. क. : पत्र हाताने लिहिले आहे, क्षमस्व.”

आदरणीय गुरुजी,

सप्रेम नमस्कार. मनाचे बोलण्याआधी कामाचे बोलते, कारण तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीला आणखी एका दिवसाचाही उशीर परवडणारा नाही. त्या माणसाने घ्यायला लावलेले ॲप तुमच्या फोनमध्ये अजून असेल, तर तुमच्या पडद्यावर काय चालले आहे हे त्याला आजही दिसू शकते. पैसे बहुधा त्याच वाटेने गेले; दहा रुपये भरण्यासाठी तुम्ही जे जे टंकत होतात, ते तो तिकडे बसून वाचत होता. म्हणून हा परिच्छेद संपला की पान बाजूला ठेवा आणि आधी फोनचे इंटरनेट बंद करा. त्या ॲपचे नाव, आलेला संदेश, तुम्ही ज्या क्रमांकावर बोललात तो क्रमांक आणि पैसे गेल्याची वेळ हे सारे वहीत उतरवून घ्या, आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून १९३० हा क्रमांक फिरवा. सायबर आर्थिक फसवणुकीची तक्रार नोंदवण्याचा हा देशभरासाठीचा क्रमांक आहे. त्यानंतर पासबुक घेऊन बँकेत जा आणि या खात्यावरचे यूपीआय व नेट बँकिंग तूर्त बंद करावे, असा लेखी अर्ज द्या. ॲप काढून टाकणे आणि नवा पिन बसवणे ही कामे त्यानंतरची आहेत.

आता परत या. गेलेले पैसे परत मिळण्याची शक्यता कमी आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. असे पैसे काही तासांतच एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरवले जातात आणि वाटेत कोठे तरी ते गोठवायचे तर तक्रार पहिल्या तासा-दोन तासांत झालेली असावी लागते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात जी चौकट घालून दिली, तिच्यानुसार खातेदाराची काही चूक नसताना पैसे गेले आणि त्याने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर बोजा पडत नाही; मात्र गुप्त माहिती त्याच्याच हातून बाहेर गेली असेल, तर तो बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. तुमचे प्रकरण दुसऱ्या प्रकारात धरले जाण्याचा संभव आहे, आणि नेमके म्हणूनच कळवायचे आहे, कारण तुम्ही गप्प राहिलेल्या प्रत्येक दिवसाची जोखीम अजून तुमच्याच माथ्यावर आहे. शिवाय अशा टोळ्या एकदा फसलेल्या माणसाचा क्रमांक टाकून देत नाहीत. येत्या काही आठवड्यांत ‘तुमचे पैसे मिळवून देतो, आधी थोडे शुल्क भरा’ असे सांगणारा कोणी तरी फोन करील. तो स्वतःला वकील म्हणवील, पोलीस म्हणवील किंवा बँकेचा अधिकारी म्हणवील. तो त्याच गोठ्यातला समजा आणि एक शब्दही न बोलता फोन ठेवून द्या. चांगल्या घरातल्या माणसाला बोलणाऱ्याच्या तोंडावर फोन ठेवणे जड जाते, हे मला ठाऊक आहे. तरी ठेवा.

आता तुम्ही स्वतःला लावलेल्या त्या ‘अडाणी’ या शब्दाकडे वळते. तुम्हाला आलेला संदेश इंग्रजीत होता. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याने तो पाहून सोडून दिला असता. तुम्ही वाचलात, समजलात आणि जबाबदार ग्राहकाप्रमाणे लगेच फोन केलात. वीज तोडण्याची वेळ रात्रीची ठेवली होती, कारण तेव्हा कार्यालय बंद असते आणि खातरजमा कोणाकडे करायची हे माणसाला सुचत नाही. रक्कम दहा रुपये सांगितली, कारण दहा रुपयांसाठी कोणी संशय घेत नाही. हा सापळा लावणाऱ्याने माणसांच्या चांगल्या सवयींचा अभ्यास केलेला आहे; वेळेवर बिल भरणारा, सरकारी कागदाला मान देणारा आणि अदबीने बोलणाऱ्याशी अदबीने वागणारा माणूस त्यात आधी सापडतो. ‘डिजिटल अटके’च्या, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून फोनवरच केलेल्या खोट्या अटकेच्या, नावाखाली निवृत्त अधिकारी आणि डॉक्टर यांनाही कॅमेऱ्यासमोर तासन्‌तास बसवून लुटण्यात आले. हा प्रकार इतका वाढला की २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना त्यावर बोलावे लागले आणि कायद्यात अशी कोणतीही अटक नसल्याचे सांगावे लागले. तेव्हा शिक्षण कमी पडले म्हणून तुम्ही फसलात, ही समजूत आधी मनातून काढून टाका.

मग चुकले कोठे? याचे उत्तर मला तुमच्याच पत्रातल्या दोन वाक्यांत सापडले, म्हणून त्यावर थोडे थांबते.

तुम्ही ज्या मनिऑर्डरीचे कागद वाचून देत होतात, ती १८८० साली पोस्टाकडे आली. शंभर वर्षांनी तुम्ही मास्तर असतानाही तिची रीत मूळची तीच होती : एक फॉर्म, एक पोस्टमन, सही किंवा अंगठा, आणि अंगठा असेल तर एक साक्षीदार. एका पिढीने दुसरीला शिकवलेले तिसरीच्याही उपयोगी पडत होते. यूपीआय सुरू झाले ते २०१६ साली, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, आणि ज्याला हे नको होते त्यालाही ते घ्यावे लागले. बरे, घेतले आणि शिकले म्हणून संपले असेही नाही. कोणी तरी पैसे ‘मागणारी’ विनंती पाठवतो आणि आपण पिन टाकला की आपलेच पैसे जातात, हे लोकांना कळेपर्यंत काही वर्षे गेली; आणि ते कळेपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन व्यक्तींमधली ही मागणीची सोयच बंद करण्यात आली. निर्णय चांगला झाला, पण शिकणाऱ्याच्या बाजूने पाहा. पाटीवरचे अक्षर गिरवून होण्याआधीच पाटी बदलते आहे. मी तुमच्याहून बरीच लहान आहे आणि दिवसभर याच साधनांवर काम करते, तरी मागच्या महिन्यात एका ॲपने स्वतःला रातोरात नवे रूप दिले आणि रोज वापरातले बटण मला दहा मिनिटे सापडले नाही. तेव्हा माझ्या मागे रांग उभी होती आणि रांगेतल्या एका पोराने जो सुस्कारा टाकला, तो अजून माझ्या कानात आहे.

आता तुमच्या आईची पाटी. सातारा जिल्ह्यातून १९५९ मध्ये सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर गेली. तिच्यात मास्तर रात्री, शेतातली माणसे घरी परतल्यावर, गावातच वर्ग घेत. शिकायला यायची लाज वाटू नये म्हणून अवघे गाव मिळून शिके, आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होत असे. अक्षरओळख नसणे हा त्या बाईचा दोष नाही, तिला अक्षर पोहोचवणे हे गावाचे आणि सरकारचे काम आहे, ही त्यामागची समजूत होती. आपल्या काळात याच्या जवळपास जाणारी एक योजना आली. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ मध्ये सुरू झाले आणि प्रत्येक पात्र ग्रामीण घरातल्या एका माणसाला शिकवण्याचे, अशा ६ कोटी माणसांचे लक्ष्य त्याने ठेवले. पण त्या अभियानातली वयाची अट पाहा : १४ ते ६० वर्षे. २०१७ मध्ये तुम्ही साठीच्या पुढे होतात. म्हणजे पेन्शन, हयातीचा दाखला, बँक आणि दवाखाना अशी ज्यांची सगळी कामे फोनवर ढकलली गेली, नेमके त्यांनाच वर्गाच्या दाराबाहेर ठेवले गेले. तुम्ही शाळा बुडवली नाहीत, गुरुजी. तुमचे नाव पटावर घातलेच नव्हते.

अंगठ्याची गोष्ट तर मला चटका लावून गेली. तुमच्या उभ्या हयातीत ‘अंगठाबहाद्दर’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरला गेला आणि लोकांचा अंगठा सोडवून त्यांच्या हाती सही देणे हेच तुमचे काम होते. मग २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी देशातले पहिले आधार दिले गेले, आणि बघता बघता सहीपेक्षा अंगठा मोठा झाला. आता ३६ वर्षे खडू धरलेल्या आणि वयाने झिजलेल्या तुमच्या अंगठ्याच्या रेषा यंत्राला वाचता येत नाहीत, तर यंत्र म्हणते की माणसाची ओळख पटत नाही. खरे म्हणजे नापास झाले ते यंत्र. मात्र त्यासाठी यंत्राला कोणी रांगेत उभे करत नाही.

एवढे बोलल्यावर तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ देते. फोन मुलाच्या हवाली करू नका. पण सगळे काही शिकलेच पाहिजे हा हट्टही सोडून द्या. रोजच्या जगण्यात ज्यावाचून अडते अशा तीन-चार गोष्टी स्वतःच्या हाताने करायला शिका, आणि बाकीच्या कामांसाठी खिडकी मागा. ती मागणे हा तुमचा हक्क आहे, त्यात भीक नाही.

शिकण्यासाठी तुम्हाला पद्धत मी काय सांगणार! तरी विद्यार्थ्याच्या जागी बसल्यावर चांगला शिक्षकही स्वतःची पद्धत विसरतो, म्हणून आठवण करून देते. तुमचा नातू शिकवतो तेव्हा काय होते, याची मी कल्पना करू शकते : तो फोन तुमच्या हातातून घेतो, अंगठ्याने चार वेळा टकटक करतो आणि ‘झालं, बघितलंत ना?’ म्हणून परत देतो. मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊन स्वतःच उत्तर लिहिणाऱ्या शिक्षकाला तुम्ही काय म्हटले असते? म्हणून पहिली अट अशी घाला की, शिकवताना त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि फक्त तोंडाने सांगायचे. फोन तुमच्या हातातून सुटता कामा नये. दुसरी अट वहीची. दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक कामाची रीत स्वतःच्या शब्दांत लिहा. पडद्यावर इंग्रजी शब्द असेल तर तो दिसतो तसाच चितारा आणि शेजारी मराठीत अर्थ लिहा. आठवड्याला एकच धडा. पहिल्या आठवड्यात नुसती शिल्लक पाहायची, रोज सकाळी, चहाआधी. दुसऱ्या आठवड्यात ओळखीच्या वाण्याच्या दुकानात जाऊन, त्याला सांगून, एक रुपया पाठवायचा आणि तो पोहोचल्याचे त्याच्या तोंडून ऐकायचे. त्या वेळी दुकानातला चौकोन (क्यूआर कोड) फोनच्या कॅमेऱ्याने टिपल्यावर पडद्यावर जे नाव येते ते पिन टाकण्याआधी मोठ्याने वाचायची सवय लावा. नाव दुकानदाराचे नसेल तर तेथेच थांबा. आणि वहीच्या पहिल्या पानावर, शाळेत सुविचार लिहीत होतात त्या अक्षरात, एवढे लिहून ठेवा की पिन शिल्लक पाहताना आणि पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीही लागत नाही.

आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या एखाद्या मावशींकडे जरा थांबून पाहा. ताजव्याशेजारी चौकोनाचा कागद अडकवलेला असतो आणि पोत्यावर एक छोटा डबा. गिऱ्हाईक फोन पुढे करते, मावशी मान वर न करता मेथीची जुडी बांधत असतात, आणि डबा मराठीत बोलतो की तीस रुपये मिळाले. मगच जुडी पिशवीत पडते. त्यांच्यातल्या कितीजणींना अक्षरओळखही नसेल, पण व्यवहारात त्या फसत नाहीत, कारण तेथे यंत्र त्यांच्या भाषेत, त्यांच्या कामाच्या वेगाने, त्यांना हवी तेवढीच एक गोष्ट सांगते. यंत्र माणसाजोगे करता येते याचा हा पुरावा वाईच्या बाजारात पोत्यावर पडलेला आहे. बाकीच्या ठिकाणी ते तसे केले जात नाही, तेव्हा कोणाला तरी त्याची गरज वाटलेली नसते.

पैशांची तटबंदीही करा. पेन्शन जमा होते त्या खात्याला यूपीआय आणि नेट बँकिंग दोन्ही नकोत, असे बँकेला कायमचे लेखी द्या, आणि त्या खात्याचे कार्ड कपाटात कुलपाखाली ठेवा. दुसरे एक साधे बचत खाते उघडा, त्यात तीन-चार हजारांहून अधिक ठेवू नका आणि फोनवरचे सारे व्यवहार त्याच खात्यातून करा. यदाकदाचित पुन्हा काही झालेच, तर नुकसान तेवढ्यापुरते राहील आणि तेवढ्याच्या भीतीने तुम्ही शिकणे सोडणार नाही. यूपीआयमध्ये ‘सर्कल’ नावाची एक सोय २०२४ पासून आली आहे, जिच्यात आपल्या खात्यातून दुसऱ्या माणसाला खर्च करू देता येतो, आणि हवे तर त्याच्या प्रत्येक व्यवहाराला आपली मंजुरी लागेल असे ठरवता येते. नातवाला पिन सांगण्यापेक्षा ती केव्हाही बरी, पण तुमच्यासाठी मी दुसऱ्या खात्याचीच शिफारस करीन. कमी भाग असलेली वस्तू कमी बिघडते.

मागायच्या गोष्टींकडे आता वळू. तुमच्या पिढीकडे एक हत्यार आहे, जे तुमच्या मुलाच्या पिढीला चालवता येत नाही : अर्ज. ‘काका, ॲपवर करा’ या उत्तरावर तोंडी वाद घालू नका. शाखा व्यवस्थापकांच्या नावे दोन प्रतींत अर्ज लिहा, एक प्रत द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. अर्जात असे लिहा की रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकाद्वारे ज्येष्ठ नागरिकांसाठी स्वतंत्र किंवा प्राधान्याची खिडकी ठेवण्यास आणि सत्तरीच्या पुढच्या नागरिकांना रोख रक्कम, धनादेश, हयातीचा दाखला अशा मूलभूत सेवा घरपोच देण्यास बँकांना सांगितलेले आहे, तरी या शाखेत ही व्यवस्था काय आहे ते लेखी कळवावे. ‘लेखी कळवावे’ या दोन शब्दांत काय ताकद असते, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयाशी ३६ वर्षे पत्रव्यवहार केलेल्या माणसाला मी सांगायला नको. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती विनामूल्य असते आणि चंदीगडच्या केंद्रीय कार्यालयाकडे साध्या टपालानेही पाठवता येते. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते.

हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा ही एकच वाट नाही. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय सोय आली आणि अंगठे न जुळणाऱ्यांच्या अडचणीमुळे २०२१ पासून त्यात चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची वाट उघडली. पण तीही नको वाटली तर शाखेत समक्ष जाऊन कागदावर सही करणे अजून बंद झालेले नाही, आणि ज्या बँकेतून पेन्शन मिळते तिच्या कोणत्याही शाखेने तो कागद स्वीकारायचा असतो. येत्या नोव्हेंबरात यंत्रावर सहाव्यांदा अंगठा दाबत बसू नका. दोनदा जुळला नाही की कागद मागा. कोणी नाही म्हटलेच, तर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेला निकाल तुमच्या बाजूचा आहे. ॲसिड हल्ल्यात चेहरा व डोळे गमावलेल्यांना आणि अंध व्यक्तींना, कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवता येत नाही एवढ्या कारणाने, ओळख पडताळणीत अडवले जात होते. त्या प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. झिजलेला अंगठा आणि न मिटणारी पापणी यांत मला तरी तत्त्वाचा फरक दिसत नाही.

नातवाविषयी. पिन बदला, आणि बदलल्याचे त्याला स्वतः सांगा. त्यात अविश्वास नाही. उद्या खात्यात काही घोटाळा झाला तर पहिले बोट त्याच्याकडे जाऊ नये, म्हणून ही त्याचीही सोय आहे. त्याच्या चारचौघांतल्या बोलण्याबद्दल मात्र त्याला एकांतात बसवून एक गोष्ट सांगा. तुमच्याकडे कागद वाचून घ्यायला येणाऱ्या एखाद्या म्हातारीला तुम्ही कधी ‘किती वेळा सांगितलं’ म्हणालात का? कागदात मुलाने कमी पैसे पाठवल्याचे असेल, घरचे काही वाईट असेल, तर ते तुम्ही ओटीवरच्या इतर बायकांसमोर वाचत होतात का? दुसऱ्याचा कागद आणि दुसऱ्याचे न येणे या दोन्ही गोष्टी झाकून ठेवण्याच्या असतात, हे या मुलाला कोणी शिकवलेले नाही. त्याला फोन येतो, हे येत नाही. म्हणजे शिकवणी दोन्हीकडून होऊ द्या.

आता मुलाला सांगण्याचे. सांगा, आणि या आठवड्यात सांगा. पण आधी घरात सौभाग्यवतींना सांगा, कारण तीन आठवडे तुम्हाला झोप लागत नाही हे त्यांच्या लक्षात आले असणार आणि त्या नको नको त्या शंका मनात घेऊन बसल्या असतील. मुलाला फोन कराल तेव्हा प्रस्तावना करू नका. ‘माझे १८,४०० रुपये फसवणुकीत गेले, तक्रार नोंदवली आहे, क्रमांक मिळाला आहे, बँकेत अर्ज दिला आहे, आधी पूर्ण ऐक, मग बोल’ एवढे एका दमात म्हणा. तक्रारीचा क्रमांक हातात घेऊन सांगितलेली गोष्ट आणि नुसती अपराधी आवाजात सांगितलेली गोष्ट यांत फार अंतर पडते. तो चिडेल, कदाचित. संगणकाच्या नोकरीतल्या माणसाला स्वतःच्या घरात असे घडल्याची शरम वाटते आणि शरमेचा आवाज रागासारखा येतो. तेवढे दोन मिनिटे सोसा.

हे पान ते चिरंजीव वाचत असतील, तर त्यांच्यासाठीही चार ओळी. तुम्ही वडिलांना फोन घेऊन दिलात, ॲप भरून दिलीत, आणि व्हिडिओ कॉलवरून सूचना देत राहिलात. हे बहुतेक मुले करतात आणि प्रेमानेच करतात. पण दिवाळीला घरी याल तेव्हा दोन संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसा आणि हात पाठीमागे बांधून शिकवा. त्यांच्या फोनवरची अक्षरे मोठी करा, भाषा मराठी करा, लागत नाहीत ती ॲप काढून टाका. बँकेचे संकेतस्थळ खरे की बनावट हे पाहताना पत्त्याच्या शेवटी ‘बँक डॉट इन’ आहे का ते बघायचे, कारण रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्या पत्त्यावर जाण्यास सांगितले होते, हेही त्यांच्या वहीत त्यांच्याच हाताने लिहून घ्या. आणि फसलेल्या माणसाला ‘तुम्ही असं कसं केलंत?’ हा प्रश्न विचारू नका. पुढच्या वेळी काही संशयास्पद घडले, तर त्यांनी पहिला फोन तुम्हाला करावा असे वाटत असेल, तर या वेळच्या फोनवर तुम्ही कसे बोलता त्यावर ते ठरणार आहे.

राहता राहिला तुमचा ताजा कलम. पत्र हाताने लिहिल्याबद्दल क्षमा कशाची मागता? वळणदार अक्षरातली सहा पाने मी दोनदा वाचली, आणि या सदराच्या पत्त्यावर टपालाने येणारी पत्रे आलेल्या क्रमाने, ईमेलच्या बरोबरीने उघडली जातात. बँकेचे लेखी उत्तर आले की त्याची एक प्रत मला पाठवा. वर तुमच्या अर्जाचा आवक क्रमांक लिहायला विसरू नका.